अबोला, डबा आणि नववीचा वर्ग: तुमच्या कामातले अनुभव लिहा

वाळीत टाकलेल्या मुलाला मार बसत नाही, शिवी मिळत नाही. तक्रार कशाची करायची हेच त्याला कळत नाही. शाळेत, दवाखान्यात मुलांसोबत काम करणाऱ्यांनी लिहावं: ओळखता कसं, करता काय?

वर्गशिक्षिका
प्रत्येकाला पाव कागद द्या. 'सहलीच्या बसमध्ये कोणाशेजारी बसायला आवडेल?' तीन नावं. घरी वहीत नावं मांडून बाण काढा. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही, ते मूल समोर येतं. जूनमध्ये नको, तुकड्या नुकत्याच बदललेल्या असतात, ऑगस्ट बरा. 'कोण नको' हे कधीच विचारू नका, मधल्या सुट्टीत त्याचीच चर्चा होते. मग सगळ्या वर्गाचे बाक बदला आणि या मुलाला त्याने लिहिलेल्या तिघांपैकी एकाशेजारी बसवा. मॉनिटरला 'याच्याशी बोलत जा' सांगणं फार वाईट. ती दया वर्गाला लगेच कळते.

शालेय समुपदेशक
'कोण त्रास देतं?' विचारलं की 'कोणी नाही' येतं, आणि ते खरंही असतं. त्याऐवजी विचारा, 'आज डबा कुठे बसून खाल्लास?' एकटं खाताना दिसायची लाज वाटते, म्हणून सुट्टी ग्रंथालयात नाहीतर बाथरूममध्ये जाते आणि डबा तसाच घरी येतो. ग्रुपमधून काढलं म्हणून पालक फोनच काढून घेतात. त्यात उरलेला एखादा मित्रही तुटतो. स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा आणि वर्गशिक्षकांना एकट्याने भेटा, पालकसभेत नको.

बालरोगतज्ज्ञ
रविवारी रात्री दुखणारं आणि सुट्टीत थांबणारं पोट खरंच दुखत असतं, नाटक म्हणू नका. झोप उडाली, उकाड्यातही पूर्ण बाह्या (हातावरच्या जखमा झाकायला), 'मी नसलो तर बरं' अशी भाषा, यातलं शेवटचं ऐकलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, मुलाला एकटं सोडू नका. मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही.

क्रीडाशिक्षक
दोन कप्तानांना एकेक गडी निवडू देणं बंद करा. शेवटी उरणारा दर तासाला तोच असतो, साऱ्या मैदानासमोर. रांगेत एक-दोन मोजलं तर पोरं जागा बदलून आपली टोळी जमवतात. हजेरी क्रमांकाचे सम-विषम करा, पुढच्या आठवड्यात चिठ्ठ्या.