आईबाबांना टोकियो डिस्नी-सी दाखवायचंय, पण राइड्स नकोत. मदत हवी आहे

निशीकासाईकर

नमस्कार मंडळी,

आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. माझे आईबाबा सांगलीहून जूनमध्ये येताहेत, महिनाभर असतील. बाबा ७३, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्यामुळे धक्के देणारं, उलटंपालटं करणारं सगळं बाद. आई ६८, सपाटीवर छान चालते पण जिना दिसला की तिचे गुडघे आधी बोलतात. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही.

मला त्यांना डिस्नी-सीला, म्हणजे डिस्नीच्या समुद्र-बंदरांवर बेतलेल्या पार्कला, न्यायची फार इच्छा आहे. मला स्वतःला तिथल्या राइड्सचं फारसं कौतुक नाही. ते बंदर, ती जहाजं, संध्याकाळी एकेक करून लागणारे दिवे, कोपऱ्याकोपऱ्याला बदलणारं संगीत, हे आवडतं. तेच दाखवायचंय, निवांत, धावपळ न करता. नवऱ्याचं म्हणणं, "माणशी दहा हजार येन देऊन बाकावर बसायचं, तर कासाई रिन्काई पार्क काय वाईट आहे? तिथे बसायला पैसे पडत नाहीत." आणि बाबांना हे आकडे रुपयांत कळले तर ते गेटवरूनच परत फिरतील.

तर असं नुसतं वातावरणासाठी ज्येष्ठांना घेऊन कुणी गेलंय का? दिवसभर जावं की अर्धा दिवस? बसायला कुठे बरं? आईच्या खाण्याचं काय करायचं? १५ जूनचा विचार आहे. सोमवार आहे, गर्दी कमी असेल असं वाटतं.

जास्वंद

बाकीचं लोक सांगतीलच. १५ जून मात्र अजिबात नको! तो चिबा प्रीफेक्चरचा दिवस, चिबातल्या शाळांना सुट्टी असते. आणि डिस्नी रिसॉर्टला नावात 'टोकियो' असलं तरी ते चिबात, उरायासूला आहे. त्या दिवशी अर्धं चिबा तिथेच असतं.

गोट्यामामा

मी तुमच्या यजमानांच्या पक्षात. रिन्काई पार्क माइहामाच्या (डिस्नीच्या स्टेशनाच्या) एकच स्टेशन अलीकडे, समुद्र खराखुरा, ११७ मीटर उंचीचा पाळणा आहे, मत्स्यालयात ट्यूनाचा भलामोठा टँक आहे. डिस्नी-सीत इटली नकली, न्यूयॉर्क नकली, ज्वालामुखी नकली, भिंतींवर खिडक्यासुद्धा रंगवलेल्या! आयुष्यभर धरणं-कालवे पाहिलेल्या माणसाला सिमेंटचा डोंगर काय दाखवता?

उरायासूकर

गोट्यामामा, रंगवलेल्या खिडक्यांबद्दल एवढंच सांगतो की पार्काच्या दारातल्या मिराकोस्टा हॉटेलची ती बाजू इटलीतल्या ज्या पोर्तोफिनो गावावर बेतली आहे, तिथल्या खऱ्या घरांवरही खिडक्या रंगवलेल्याच असतात. :)

निशीकासाईकर, जरूर न्या. खरं तर राइड्स नको असतील तर हेच पार्क न्यायला योग्य. पलीकडच्या डिस्नीलँडमध्ये मधोमध किल्ला आणि चहूकडे लगबग. डिस्नी-सीत (हे २००१ साली सुरू झालं) मधोमध पाणी आहे आणि सगळं त्याच्या काठाकाठाने बांधलंय. नुसतं काठाने फिरत राहिलं तरी दर दहा मिनिटांनी गाव बदलतं. २०२० पर्यंत वार्षिक पास मिळायचे तेव्हा इकडची कितीतरी मंडळी ऑफिस सुटल्यावर फक्त एक चक्कर मारून, कॉफी पिऊन घरी जायची. पास बंद झाले तेव्हा सगळ्यात जास्त हळहळले ते हेच लोक.

दिवसभराचं तिकीट काढू नका. त्याची किंमत तारखेप्रमाणे ७,९०० ते १०,९०० येन असते आणि तुम्ही ती वसूल करायच्या नादात आईंना दमवाल. कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर आत सोडणारं 'वीकनाइट पासपोर्ट' असतं, साडेचार हजारांपासून सहा हजारांच्या थोडं वरपर्यंत. पार्क सहसा नऊला बंद होतं, म्हणजे चार तास. तुमच्या आईबाबांना चार तास भरपूर झाले. जूनमध्ये इथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दोन तास उजेड, दोन तास दिवे. उन्हाचा ताप नाही हा वरचा फायदा.

आत शिरल्यावर हॉटेलच्या कमानीखालून जाताना समोर एकदम बंदर उघडतं. तिथे पाच-दहा मिनिटं काहीही करू नका. फोटोसुद्धा नंतर. मग बाबांसाठी डाव्या-उजव्याचा विचार न करता सरळ समोरचा दगडी किल्ला गाठा, 'फोर्ट्रेस एक्सप्लोरेशन्स'. पार्कातली ही माझी सर्वांत लाडकी जागा, आणि लोक तिच्यासमोरून राइडकडे पळत जातात. रांग नसल्यातच जमा. आत फूकोचा लंबक आहे (पृथ्वी फिरते हे दाखवणारा), हाताने दांडा फिरवून ग्रह हलवायची एक मोठी पितळी सूर्यमाला आहे, कॅमेरा ऑब्स्क्युरा (बाहेरचं दृश्य आत अंधारात पडद्यावर दाखवणारा) आहे, उडत्या यंत्राचा नमुना आहे आणि खाली धक्क्याला एक गलबत लागलंय, त्यावर चढता येतं. पाटबंधारे खात्याचा माणूस तिथून तासभर हलणार नाही, लिहून देतो. फक्त आत जिने आहेत. आईंना खाली पाण्याकाठी बसवा, बाबांना एकटं सोडा. आणि हे आधीच उरका, रात्रीच्या शोच्या वेळी किल्ला बंद ठेवतात.

त्यानंतर पाय वापरायचे नाहीत. बंदरावरून 'ट्रान्झिट स्टीमर' घ्या. बोट ज्वालामुखीच्या पोटाजवळून जाते आणि थेट मागच्या टोकाला, लॉस्ट रिव्हर डेल्टाला सोडते. अर्धं पार्क बसल्याबसल्या बघून होतं. तिथून अरेबियन कोस्ट जवळ. सिंदबादची बोटसफर तेवढी करा, ती राइड असली तरी घाबरण्यासारखं काही नाही, शेकडो हलत्या बाहुल्या आणि एक गोड गाणं, दहाएक मिनिटांचं काम. रांग क्वचितच लांब असते. पाऊस आलाच तर शेजारचं मर्मेड लगून पुष्कळसं छपराखाली आहे.

अंधार पडताना अमेरिकन वॉटरफ्रंटला पोचा. हे १९१२ सालचं न्यूयॉर्क. तिथे एस. एस. कोलंबिया नावाचं भलंथोरलं जहाज उभं आहे, वरच्या डेकवर जाता येतं. एका बाजूला पार्कचे दिवे आणि दुसऱ्या बाजूला, मामा लक्ष द्या, खराखुरा टोकियोचा उपसागर. जहाजातच 'टेडी रूझवेल्ट लाउंज' आहे: लाकडी भिंती, चामड्याच्या गुबगुबीत खुर्च्या, मंद उजेड. दारू नको असेल तर बिनदारूची पेयंही मिळतात. आईंचे गुडघे आणि बाबांचा रुबाब, दोघांचीही सोय होते.

निशीकासाईकर

उरायासूकर, किती सविस्तर! प्रिंट काढून फ्रिजवर लावते. जास्वंद, वाचवलंत, मला हा चिबा दिवस माहीतच नव्हता. आता १० जून, बुधवार धरते.

अजून दोन शंका. व्हीलचेअर मिळते असं वाचलं, पण बाबा मरतील पण खुर्चीत बसणार नाहीत. आणि रात्रीचा पाण्यावरचा शो बघायला लोक जमिनीवर बसतात ना? आईला खाली बसवलं तर उठवायला क्रेन लागेल.

तिसरी घंटा

व्हीलचेअर गेटच्या आत भाड्याने मिळते, थोडेसे पैसे पडतात. युक्ती सांगते: ती बाबांसाठी नाही, आईंसाठी घ्या, आणि ढकलायचं काम बाबांना द्या. ढकलताना आधारही मिळतो आणि मान राहतो. माझ्या सासऱ्यांनी ढकलता ढकलता अर्ध्या वाटेत "तू जरा चाल, मी बसतो" म्हटलं होतं.

शोचं असं आहे की पुढच्या रांगांतले लोक बराच आधी येऊन प्लास्टिकच्या चटया टाकून बसतात, मागचे उभे राहतात. व्हीलचेअरवाल्यांना वेगळी जागा असते, पण ती भरली की भरली, आणि बरोबर सगळ्या कुटुंबाला सोडतीलच असं नाही. आणि एक लक्षात ठेवा, वारा जोराचा असेल तर शो आखडता घेतात किंवा रद्दच करतात. म्हणून त्या एका शोवर सगळी संध्याकाळ टांगून ठेवू नका. मला विचाराल तर शोच्या वेळी सगळं पार्क बंदराकडे धावतं आणि मागचे भाग ओस पडतात. तेव्हा अरेबियन कोस्टच्या अंगणात कारंज्यापाशी बसून बघा. किंवा ती दुमजली कॅरोसेल. दोघांनाही घोड्यावर नाही बसवलं तरी बघायला फार सुंदर दिसते.

उरायासूकर

तिसरी घंटाशी सहमत, फक्त कॅरोसेलबद्दल: खालच्या मजल्यावरच बसा, वर जायला जिना आहे. आणि अमेरिकन वॉटरफ्रंटहून पोर्ट डिस्कव्हरीपर्यंत उंचावरून एक छोटी ट्रेन जाते, ती विसरलो होतो. एकच स्टेशन, पण आजूबाजूचं सगळं वरून दिसतं.

दशमीवाली

खाण्याचं मी सांगते, शुद्ध शाकाहारी घरातल्या सासूबाईंना नेलेलं आहे.

अरेबियन कोस्टला कासबा फूड कोर्टमध्ये करी आणि नान मिळतं. नाव ऐकून आपण हुरळतो. पण जपानी करीच्या मसाल्यात बहुतेक वेळा मांसाचा अर्क किंवा चरबी असते, सुपात दाशी म्हणजे माशाचा अर्क असतो. भाज्यांची करी दिसली म्हणजे ती शाकाहारी असं समजू नका, विचारूनच घ्या. कर्मचारी फार शांतपणे घटकांची यादी काढून दाखवतात. पॉपकॉर्न ठिकठिकाणी वेगवेगळ्या चवीचं असतं, आईस्क्रीममध्ये अंडं आहे का तेही विचारा.

सर्वांत बिनडोक आणि सर्वांत चांगला उपाय: आत जाण्याआधी जेवून घ्या. बाहेरचे डबे आत नेता येत नाहीत, पण गेटबाहेर पिकनिकची जागा आहे, टेबलं-बाकं आहेत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मऊ केळी. साडेचारला पोटभर खाल्लं की नऊपर्यंत फक्त चहाचा प्रश्न उरतो. पाण्याची बाटली आत चालते. लोणचं नका नेऊ. वास येतो म्हणून नाही, आमची बाटली मोनोरेलमध्ये सांडली होती.

गोट्यामामा

दशम्या खायला पाच हजार येन! बरं बरं, गप्प बसतो. पण पैशांचं बाबांना काय सांगणार?

जास्वंद

"ऑफिसातून फुकट पास मिळालेत." सातासमुद्रापार सर्व मराठी मुलं हेच सांगतात.

तिसरी घंटा

आम्ही हेच सांगितलं होतं. मग सासरे म्हणाले, साहेबांना आभाराचं पत्र लिहायला हवं, पत्ता दे. शेवटी मीच ते पत्र घेऊन ठेवलं, अजून कपाटात आहे.

उरायासूकर

त्यापेक्षा खरं सांगा, पण दुसरं तिकीट आहे म्हणून सांगा: "दिवसाचं दहा हजार, आपण निम्म्यात जातोय." पाटबंधारे खात्यातला माणूस निम्म्यावर आलेलं टेंडर नाकारत नाही.

निशीकासाईकर

हाहा, हे चालेल! निम्म्यावर बाबा नक्की खूश होतील.

ठरलं मग. बुधवारी पाचचं तिकीट, त्याआधी गेटबाहेर दशम्या, किल्ला, स्टीमर, सिंदबाद, जहाज. शो जमला तर जमला. नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय, तो म्हणतो लाउंज असेल तर तो येतो.

शेवटचं: पाऊस लागला तर? तोपर्यंत पावसाळा सुरू झालेला असू शकतो. आणि जायचं कसं, ट्रेन की बस?

उरायासूकर

तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, पण जागा शिल्लक असेल तर ॲपवरून तारीख बदलता येते. वीकनाइटच्या किमतीही तारखेप्रमाणे बदलतात, फरक पडला तर भरावा लागतो. आदल्या दिवशी अंदाज बघून ठरवा. रिमझिम असेल तर मात्र बदलू नका. ओल्या फरशीवर दिव्यांची प्रतिबिंबं पडतात, गर्दी निम्मी होते आणि रेनकोट प्रत्येक दुकानात मिळतो. आईंच्या चपलांचे तळवे तेवढे बघा, दगडी फरशी निसरडी होते.

जायला तुम्हाला बस सोयीची. एक स्टेशन पुढे कासाईहून रिसॉर्टला थेट बस आहे, जिने-बदल्या नाहीत. ट्रेनने गेलात तर माइहामाला उतरून मोनोरेल, तिचं तिकीट वेगळं. ती एकाच दिशेने गोल फिरते, म्हणून जाताना डिस्नी-सी तिसरं स्टेशन येतं आणि परतताना एकाच स्टेशनात माइहामा. मिकीच्या आकाराच्या खिडक्या आहेत, आईंना दाखवायला एक फेरी म्हणून हरकत नाही.

परतीचं मात्र नीट ठरवा. नऊला बंद झालं की सगळे एकदम सुटतात. एक तर साडेआठला निघा, नाही तर बंद झाल्यावर गेटजवळच्या दुकानांत रेंगाळून गर्दी ओसरू द्या. शेवटच्या बसची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा.

गोट्यामामा

आणि रिन्काई पार्कलाही न्या हो. फक्त लगेच दुसऱ्या दिवशी नको, मध्ये एक दिवस आईंना घरी पाय पसरून बसू द्या.