मदत हवी आहे: आडनावाच्या डोमेनवर कंपनीची नोटीस

नमस्कार मंडळी. आमच्या आडनावाचं डॉट इन डोमेन २०१२ पासून माझ्याकडे आहे. त्यावर घराण्याची वंशावळ आणि कुलदैवताच्या जत्रेचे फोटो, बस्स. जाहिरातसुद्धा नाही. आता त्याच नावाचा ट्रेडमार्क असलेल्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आलीय: डोमेन आमच्या नावावर करा, नाहीतर निक्सीकडे (डॉट इन डोमेनचा कारभार पाहणारी संस्था) तक्रार करू.

तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं, माझा त्यावर रास्त हक्क नाही, आणि हेतू वाईट. डॉट कॉमच्या यूडीआरपीत (डोमेनच्या वादांची नियमावली) नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूचे लागतात. डॉट इनला यातलं एकही पुरतं. मेख इथेच आहे.

वकील फोनवर गोडीत विचारतो, "किती घेणार?" मी आकडा सांगणार नाही. २००३-०४ मध्ये कॅनडातल्या माइक रो या पोराने त्याच्या MikeRoweSoft.com या डोमेनसाठी मायक्रोसॉफ्टकडे १०,००० डॉलर मागितले आणि तेच वाईट हेतूचं लक्षण म्हणून त्याच्या अंगाशी आलं.

कुणी निक्सीच्या लवादात उत्तर दिलंय का? वकील लावावाच लागतो का? आणि आडनावाचा पुरावा म्हणून आधार, शाळेचा दाखला पुरतो की जुने सातबारेही जोडू? पुण्यातला जाणकार वकील माहीत असेल तर मेसेज करा, प्लीज.