पाणी जातंय कुठे? जुन्या डिझेल गाड्यांचे अनुभव

धागाकर्ता:
माझी सात आसनी डिझेल गाडी २००६ची, २ लाख ८० हजार किलोमीटर झालेली. गेले दोन महिने दर चार-पाच दिवसांनी कूलंटच्या बाटलीत कपभर ओतावं लागतंय. रात्री खाली पुठ्ठा अंथरून बघितला, सकाळी कोरडा ठणठणीत. तापमानाचा काटा कधी अर्ध्याच्या वर गेलेला नाही. मिस्त्री म्हणतात, "हेड उतरवू, गॅस्केट असणार." (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधली पातळ सील.) असणार म्हणजे काय? हेड उतरवायचं म्हणजे फेस मारून (घासून सपाट करून) आणणं, नवे बोल्ट आणि आठवडाभर गाडी उभी. त्याआधी तुमच्याकडून ऐकायचंय. तुमच्या गाडीचं पाणी कुठून जात होतं, पहिली खूण काय दिसली, खात्री कशी केली, तेवढं लिहा. "चांगला मेकॅनिक शोधा" हा सल्ला आधीच सात जणांनी देऊन झालाय.

देवगडचा पिकअपवाला:
एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या घेऊन करूळ घाटाने कोल्हापूरला जातो. दोन वर्षांपूर्वी गगनबावड्याला पोचेपर्यंत बाटली भरून वाहायची. मी ती भरलेली बघून खूश, आणि सकाळी रेडिएटर उघडला तर चार बोटं रिकामा! एकदा लक्ष गेलं, रेडिएटरचा वरचा होज पाईप चपटा झालेला, कुणी मुठीत दाबून धरल्यासारखा. झाकण फिरवलं तर फस्सकन हवा आत ओढली नि पाईप पुन्हा गोल. झाकणाच्या खालच्या अंगाला मधोमध छोटी चकती असते. इंजिन थंड होताना ती उघडते आणि बाटलीतलं पाणी परत आत घेते. माझी गंजून चिकटली होती. नवीन झाकण घेताना वरचा दाबाचा आकडा बघून घ्या. माझ्यावर ०.९ होतं, दुकानदार १.१चं देत होता, म्हणे "सगळी एकच." एकच नसतात. जुन्या रेडिएटरचे सांधे फुटले तर तो येणार होता काय घाटात?

निवृत्त फिटर:
पुठ्ठा कोरडा म्हणून गळती नाही, असं समजू नका. बारीक गळती गरम ब्लॉकवरच वाळते आणि मागे रंगीत क्षार ठेवते. त्याचा माग काढा. आणि सकाळी इंजिन चालू करायच्या आधी वरचा होज दाबून बघा. रात्रभर उभ्या गाडीचा पाईप टणक लागला तर सिलिंडरमधली हवा पाण्यात शिरतेय, म्हणजे गॅस्केट नाहीतर हेडला चीर. मऊ लागला तर हेडला हात लावायची घाई नको.

ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसला की लोक हबकतात. थंडीत रोज दूध आणायला दोन किलोमीटर गाडी काढणाऱ्याच्या झाकणाखाली तो येणारच, नुसती दमट हवा असते ती. ऑइल मोजायची पट्टी ओढून बघा. पट्टीवरचं ऑइल दुधाळ असेल तर मात्र गाडी आहे तिथेच बंद करा.

मला खरं चकवलं एका जुन्या ट्रकने. आठवड्याला दोन लिटर पाणी गायब. धूर साफ, बुडबुडे नाहीत, बाहेर कुठे ओल नाही. आधीच्या गॅरेजात हेड गॅस्केट बदलूनही झालेलं. फक्त पट्टीवर ऑइलची पातळी वाढत होती. जुना ट्रक ऑइल पितो, वाढवत नाही! रात्रभर उभा ठेवला आणि सकाळी चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट जरा ढिला केला. आधी पाणी आलं, मग ऑइल. पाणी जड, ते तळाला बसतं. चेंबर उतरवला, रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून एक बारचा दाब दिला, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि जेवायला गेलो. परत आलो तर तिसऱ्या लाइनरखाली (लाइनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) रुपयाएवढा हिरवा डाग. लाइनर बाहेर काढला तर बाहेरच्या अंगाला वाळवीने खाल्ल्यासारखी भोकं, त्यातलं एक आरपार. डिझेलचा प्रत्येक ठोका बसला की लाइनर थरथरतो, भोवतालच्या पाण्यात बुडबुडे होतात आणि त्याच्याच अंगावर फुटतात. कूलंटमधली रसायनं लाइनरवर पातळ थर धरतात म्हणून तो टिकतो. त्या ट्रकला वर्षानुवर्षं बोअरचं पाणी पाजलेलं. (असे वेगळे, पाण्यात बुडालेले लाइनर सगळ्या इंजिनांत नसतात. तुमच्यात आहेत का ते आधी विचारा.)

नाशिककर:
आमच्याकडे डाव्या बाजूचा गालिचा ओला व्हायचा. एसीचं पाणी समजून दोनदा नळी साफ केली. मग काचेवर आतून तेलकट धुकं धरायला लागलं आणि गाडीत काकवीसारखा गोडसर वास. एसीचं पाणी बोटाला चिकटत नाही, हे चिकटत होतं. कूलंट फिरतं ती हीटरची जाळी गेलेली, पूर्ण डॅशबोर्ड खोलावा लागला. आणि हो, सांडलेलं कूलंट लगेच धुऊन काढा. कुत्री-मांजरं गोड म्हणून चाटतात, आणि ते विष आहे.

पुण्यातून:
माझी २००९ची कॉमन रेल डिझेल. सकाळी पांढरा धूर, ऑइल स्वच्छ, होज मऊ. रेडिएटरच्या तोंडाला लावून गॅस्केट तपासायच्या निळ्या औषधाचा रंग बदलला नाही. मिस्त्रीने ईजीआरचा (थोडा धूर पुन्हा इंजिनात नेणारा) रस्ता पत्री लावून बंद केला, त्या धुराला थंड करणाऱ्या कूलरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडल्या. फक्त तपासण्यापुरतं. तीनशे किलोमीटर फिरलो, पातळी जागची हलली नाही. कूलर खोलला तर आत काजळीचा ओला चिखल.

निवृत्त फिटर:
पुणेकरांचं निदान बरोबर, पण डिझेलमध्ये त्या निळ्या औषधावर विसंबू नका. गॅस्केट गेलेलं असलं तर पेट्रोल गाडीत ते धुरातल्या कार्बन डायऑक्साइडने चटकन पिवळं होतं. डिझेल जागेवर चालताना हवाच फार ओढतं, धुरात कार्बन डायऑक्साइड कमी, त्यामुळे गॅस्केट गेलं असलं तरी औषध निळंच राहू शकतं. गाडी चढावर दामटून आणा, मग लावा.

धागाकर्ता:
कळवायला उशीर झाला. सकाळी होज मऊ होता, म्हणून हेडचा विषय थांबवला आणि इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. पुठ्ठा कोरडा का, ते तिथेच कळलं. कव्हरच्या खोलगट कोपऱ्यात गुलाबी चिखल, पालापाचोळ्यासकट. बॅटरी मारून वर बघितलं तर वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) पुलीमागे एक बारीक भोक आहे, तिथून सुकलेला गुलाबी ओघळ. आतलं सील गेलं की पाणी बाहेर दिसावं म्हणूनच ते भोक ठेवतात. मिस्त्री विचारत होते, एम-सीलने बुजवू का! वॉटर बॉडी बदलली, कूलंटने भिजलेला बेल्टही बदलला. आज अठरा दिवस झाले, बाटलीतली पातळी होती तिथेच आहे. जुनी वॉटर बॉडी अजून डिकीत पडलीय, शाफ्ट धरून हलवला की खुळखुळ्यासारखा वाजतो.