काळोख रंगभूमीचाच आहे
‘नॉयर, म्हणजे गुन्हेपटांची काळोखी, सावल्यांनी भरलेली शैली, ही कॅमेऱ्याची आहे, ती ठाण्याच्या गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात उभी राहणार नाही’ हे मत मला मान्य नाही. १९४६ मध्ये समीक्षक नीनो फ्रांक यांनी काही अमेरिकी गुन्हेपटांना हे नाव दिले खरे. परंतु त्या चित्रपटांतील लांब सावल्या आणि अर्धवट उजळलेले चेहरे ही जर्मन मूकपटांची देणगी होती, आणि त्या मूकपटांवर बर्लिनच्या रंगभूमीवर दिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांनी केलेल्या प्रकाशयोजनेचा खोल ठसा होता.

चित्रपटात काय पाहायचे ते कॅमेरा ठरवतो. नाटकात प्रेक्षकाची नजर मोकळी असते, म्हणून ते काम प्रकाशयोजनाकाराला करावे लागते: समोरचा प्रकाश कमी ठेवून विंगेतून आडवा झोत टाकला, तर चेहऱ्याची एक बाजू काळोखात राहते आणि त्या पात्रावर विश्वास ठेवावा की नाही हे आपल्याला ठरवता येत नाही. अर्थात, प्रेक्षागृहात एक मोबाइल उजळला तरी हा परिणाम भंगतो, आणि तलावपाळीजवळच्या या नाट्यगृहात मी ते कळवळून अनुभवले आहे.