बोटीच्या ट्रेलरचे बेअरिंग: दर मृगाआधी बदलायचे, की उघडून बघायचे?

भीमाकाठ
सोलापूरकडचे उजनी धरण असो की हिप्परगा तलाव, बोट पाण्यात सोडायची म्हणजे ट्रेलरचा हब (चाकाचा मधला फिरता भाग, ज्यात बेअरिंग बसतो) बुडणारच. माझे मत सरळ आहे: दरवर्षी मृगाआधी दोन्ही चाकांचे बेअरिंग बदलून मोकळे व्हा. एका हबला दोन कोन (रोलर असलेली आतली कडी), दोन कप (हबमध्ये बसणारी बाहेरची कडी), एक ऑइल सील (ग्रीस आत ठेवणारी रबरी कडी), एक स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी). दोन चाकांचे मिळून चार बेअरिंग, दोन सील, दोन पिना. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

बचावकार्याची बोट असेल तर यात चर्चाच नको. ट्रेलर दहा महिने शेडमध्ये उभा असतो आणि भीमेला पूर आला की रात्री अपरात्री सोलापूरहून पंढरपूरपर्यंत सत्तरेक किलोमीटर धावायचा असतो. बेअरिंग जाम झाला तर आतला कोन स्टबवर (एक्सलच्या टोकाच्या दांड्यावर) फिरायला लागतो, स्टब निळा पडतो आणि शेवटी चाक हबसकट निघून जाते. मग बेअरिंगचे नाही, अख्ख्या एक्सलचे पैसे मोजायचे.

पाना_चोवीस
साफ असहमत. चांगला बेअरिंग फेकून नशिबाचा बेअरिंग बसवायचा, असा हा प्रकार आहे. हा टेपर रोलर (निमुळत्या रोलरचा) बेअरिंग वयाने मरत नाही. पाण्याने मरतो, चुकीच्या आवळलेल्या नटाने मरतो, फाटक्या सीलने मरतो. ही तीन कारणे जागेवर ठेवून नवा माल घातलात तर पुढच्या मृगाला तोच खेळ. त्यात बाजारात नकली खोकी किती फिरतात ते सांगायला नको. एनबीसी, एसकेएफ, टिमकेन काहीही घ्या, पण अधिकृत विक्रेत्याकडून आणि पक्क्या पावतीवर.

दुसरे म्हणजे कप हबमध्ये ठोकून बसवलेला असतो. दरवर्षी काढ-घाल केली की हबचे भोक सैल होत जाते. कप हाताने फिरायला लागला की हब भंगारात. काही जण आतून पंचाने ठिपके मारून तो घट्ट करतात, पण त्यावर लांबचा प्रवास करू नये.

उघडा जरूर, दरवर्षी उघडा. चाकाचे नट जमिनीवरच ढिले करा, दुसऱ्या चाकाला दगड लावा, जॅक एक्सलखाली घ्या. हब कॅप, पिन, नट, वॉशर, बाहेरचा कोन, मग हब ओढा. सील उपटा, त्याला दयामाया नको, तो नवाच पडणार आहे. सगळे डिझेलमध्ये धुऊन वाळवा. वाळवताना कॉम्प्रेसरच्या हवेने कोन गरगर फिरवू नका. रोलर धरून ठेवणारा पिंजरा तुटला तर रोलर गोळीसारखे सुटतात. मग कपाची आतली बाजू उन्हात धरून नखाने चाचपा. राखाडी, एकसारखी चकाकी असेल तर चालेल. नख अडले, खड्डा दिसला, निळसर झाक दिसली किंवा रोलरच्या अंतराने आडव्या तांबूस रेघा दिसल्या, तर तो बेअरिंग कोन-कपासकट जोडीने बदला. जुन्या कपात नवा कोन कधीच नाही.

भीमाकाठ
त्या तांबूस रेघांचाच प्रश्न आहे! त्या सुरुवातीला केसाएवढ्या असतात. ट्यूबलाइटखाली, ग्रीसने माखलेल्या हाताने, कोणाला दिसणार? ट्रेलर उभा राहिला की आत शिरलेले पाणी खालच्या रोलरपाशी साचते आणि गंज तिथेच धरतो. पावसाळ्यात धावला की तीच जागा सोलपटते.

आणि पाणी शिरतेच. सोलापूरहून टेंभुर्णीमार्गे धरणाकडे नव्वद-शंभर किलोमीटर आलात, ब्रेक लागून हब ७० अंशांपर्यंत तापलाय, आणि तसाच २८ अंशांच्या पाण्यात घातलात, तर आतली हवा सुमारे १२ टक्के आकसते. वाट मिळाली नाही तर सव्वा मीटर खोल पाण्याच्या दाबाइतकी ओढ सीलवर येते. सील ग्रीस आत ठेवायला बनवलेला असतो, बाहेरचे पाणी अडवायला नाही. छोट्या चाकाचे हाल तर आणखी: बाहेरचा व्यास ५०० मि.मी. असेल तर किलोमीटरला सुमारे ६४० फेरे.

पाना_चोवीस
हिशोब मान्य, निष्कर्ष नाही. काठावर पोचल्यावर अर्धा तास थांबा. हबवर तळहात निवांत टेकला पाहिजे, मग ट्रेलर पाण्यात. तेवढ्या वेळात बोटीचे पट्टे सोडा, इंजिन तपासा, चहा घ्या. उन्हाळ्यात उजनीचे पाणी मागे हटते आणि उतार गाळाचा होतो. तिथे ट्रेलर आत-आत दामटण्याऐवजी बोटीखाली लाटण्यासारखे रोलर घालून दोराने बोट सरकवली तर हब बुडतही नाही.

सीलही दोन ओठांचा घ्या: स्प्रिंगचा ओठ बेअरिंगकडे, दुसरा बाहेर. स्टबवर सील जिथे घासतो तिथे नखाला खाच लागली तर नवा सीलही गळणार. ती जागा ४०० नंबरच्या एमरीने गोल-गोल घासून गुळगुळीत करा. खाच खोल असेल तर वरून स्लीव्ह (पातळ धातूची नळी) बसवा.

गड्डा_फेरी
एवढं सगळं उघडून बसायचं कशाला बे? हब कॅपला निपल (ग्रीस भरायचं तोंड) बसवा, ग्रीसगननं चार पंप मारा, पाणी आपोआप भाईर येतंय की.

पाना_चोवीस
येत नाही. साध्या कॅपच्या निपलमधले ग्रीस बाहेरच्या बेअरिंगपाशी भरते, आतल्यापर्यंत पोचेलच असे नाही. जोर लावलात तर मागचा सील उलटतो आणि ग्रीस ब्रेकच्या लायनरवर. ग्रीस पिलेला लायनर धुऊन सुधारत नाही, बदलावाच लागतो. स्प्रिंगवाली कॅप त्यापेक्षा बरी, ती हबमध्ये हलका दाब ठेवते. पण तीही चकती बाहेर सरकेपर्यंतच भरायची, हात भरून येईपर्यंत नाही. आणि एवढे करूनही वर्षातून एकदा उघडणे चुकत नाही.

काळे_हात
वादात ग्रीस कुणी काढलेच नाही. आपल्याकडे "पाण्याला चांगले" म्हणून चेसिस ग्रीस भरतात. कॅल्शियमचे साधे ग्रीस पाण्याला टिकते हे खरे, पण शंभरेक अंशांना पातळ होऊन वाहते. मे महिन्यात लांब पल्ल्यावर हबला ते झेपत नाही. बाजारातले एपी-३ ग्रीस लिथियमचे असते, उष्णतेला चांगले, पण पाणी घुसले की दुधाळ होते. बोटीच्या ट्रेलरला लिथियम कॉम्प्लेक्स किंवा कॅल्शियम सल्फोनेट, २ नंबरच्या घट्टपणाचे. आणि जुन्यात नवे मिसळू नका, जात वेगळी असली तर दोन्ही पातळ होऊ शकतात.

भरताना तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या आणि कोनाची रुंद कड त्यात दाबत-ओढत राहा. वरच्या कडेने रोलरमधून ग्रीसच्या शेवया बाहेर आल्या की ती जागा भरली. कोन जरा फिरवा, पुढची जागा. नुसते बाहेरून फासलेले ग्रीस म्हणजे कोरडा बेअरिंग.

ऊसट्रॉली
माझा अनुभव ट्रॉलीचा, पण हब तो हबच. नट गच्च आवळून पिन घाला, हललाच नाही पाहिजे. सैल ठेवला तर चाक डुलते.

काळे_हात
हेच करून निम्मे बेअरिंग जळतात, मालक! टेपर रोलरला थोडी मोकळीक लागतेच. हब हाताने फिरवत पान्याने नट आवळा, जड लागेपर्यंत. छोट्या एक्सलला साधारण ६५-७० न्यूटन मीटर. याने कोन आपल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करा, हब न फिरवता. आता फक्त बोटांनी आवळा. पिनचे भोक जुळत नसेल तर नट मागे घ्या, पुढे नाही. मोकळीक ०.०३ ते ०.२५ मि.मी. एवढीच हवी: टायर वर-खाली धरून हलवला तर जेमतेम जाणवेल. नंतर ८० किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा तपासा आणि हबला हात लावून बघा.

कप बदलायचाच असेल तर जुना पितळी सळईने, समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने ठोकून काढा. सळईला टेकायला जागा नसेल तर कपाच्या आतून वेल्डिंगची एक रेघ मारा; थंड होताना कप आकसतो आणि सुटतो. नवा कप तासभर फ्रीजरमध्ये, हब मात्र उन्हात. सोलापूरचे ऊन इथे फुकट कामाला येते. ६२ मि.मी.चा कप ४० अंशांवरून उणे १५ ला गेला की सुमारे ०.०४ मि.मी. आकसतो. जुन्याच कपाची बाहेरची बाजू थोडी घासून तो वर ठेवा आणि ठोका. टणक, बंद आवाज आला की तळ लागला.

नंबर कोनावरच कोरलेला असतो. ३०२०६ म्हणजे आतून ३०, बाहेरून ६२ मि.मी. आयात ट्रेलरला बहुधा इंची माल. एल ४४६४९ चा आतला व्यास २६.९८८ मि.मी. असतो. तो २७ चा म्हणून मागितलात तर दुकानदार नुसता बघत राहील. यंत्रमागाचा माल ठेवणाऱ्याकडेही नंबर दाखवून विचारा.

भीमाकाठ
हौशी बोटीपुरते मान्य करतो: दरवर्षी उघडा, सील आणि पिन नवी, बेअरिंग निशाण दिसले तरच. बचावाच्या ट्रेलरबाबत मात्र हटणार नाही. तिथे तपासणारा माणूस दरवर्षी वेगळा असतो आणि "बघितले, ठीक आहे" असे वहीत लिहिणे सोपे असते. नव्या बेअरिंगची पावती खोटी लिहिता येत नाही.

पाना_चोवीस
पावती बेअरिंगची असते, नट कसा आवळला त्याची नसते. त्यापेक्षा त्या ट्रेलरला एक जादा हब बांधून ठेवा: कप ठोकलेले, कोन ग्रीस भरून बसवलेले, सील लावलेला, वर घट्ट बांधलेली प्लास्टिकची पिशवी. सोबत नट, वॉशर, दोन पिना, पाना आणि जॅक. आणि शेडमधला ट्रेलर महिन्यातून एकदा जॅकवर घेऊन दोन्ही चाके वीस-वीस फेरे फिरवा.

भीमाकाठ
जादा हब मान्य. पण पिशवीत चिठ्ठी टाका, ग्रीस कुठले आणि भरले कधी.