प्रतिसाद : उचल, मुकादम आणि कारखान्याची जबाबदारी

ऊसतोड कामगारांशी करार मुकादमाचा (मजूर जमवून आणणाऱ्या मध्यस्थाचा) असल्याने त्यांच्या हक्कांची जबाबदारी साखर कारखान्यावर येत नाही, हा वरील प्रतिसादातला मुद्दा मला मुळीच पटत नाही. महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने हा प्रश्न हमालांपुरता सोडवून दाखवला आहे: मालकाने माथाडी मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (मजुरीच्या ठरावीक टक्क्यांनी द्यायची जादा रक्कम) तिथे भरायची, आणि त्यातून कामगाराला मजुरीबरोबरच भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार मिळायचा. एकच कायमचा मालक नसणे तिथे अडचण ठरले नाही.

ऊसतोडीत मात्र नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे कामाचे एकच एकक, धरला जातो, उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, आणि पहाटेपासून मोळ्या बांधणाऱ्या बाईची स्वतंत्र नोंदही बऱ्याचदा होत नाही. (गरोदरपणातही तिचे काम थांबत नाही, हे सांगताना मला फार वाईट वाटते.) म्हणून सहकारी कारखान्यांच्या सभासदांनीच वार्षिक सभेत प्रत्येक तोडणी कामगाराची वेगळी नोंद, मजुरी थेट बँक खात्यात आणि फिटलेल्या उचलीची लेखी पावती, एवढ्या गोष्टींचा ठराव आग्रहाने मांडावा.