मदत हवी आहे: खोला (काणकोण) इथल्या तळ्यात मुलांना पोहायला न्यावं का?

घाटमाथा
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस दक्षिण गोव्यात काणकोणला मुक्काम आहे. बरोबर ७ आणि ११ वर्षांची मुलं. मोठ्याला तरणतलावात पोहता येतं, धाकटीला नाही. आई ६८ वर्षांची, तिला फक्त पाण्यात बसायचं आहे. खोल्याच्या पुळणीमागचं गोड्या पाण्याचं तळं फोटोत फार शांत दिसतं. तीन गोष्टी विचारायच्या आहेत: पाणी किती खोल असतं, भरती-ओहोटीचा त्या तळ्याशी काही संबंध येतो का, आणि साधी हॅचबॅक खालपर्यंत उतरते का? जवळपास आणखी सुरक्षित जागा असतील तर त्याही सांगा.

खारवी
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. आगोंदहून काब द रामच्या रस्त्याला लागलात की पाट्या दिसतात. इंग्रजी स्पेलिंगमुळे लोक 'कोला' वाचतात, गाव खोला. मिरचीसाठी प्रसिद्ध आहे तेच. शेवटचा टप्पा कच्चा, जांभ्या दगडाचा आणि उताराचा. हॅचबॅकचा तळ घासतो, चढताना चाकं जागच्या जागी फिरतात. गाडी वर ठेवा आणि चालत उतरा. आईंना परतीचा चढ झेपेल का, याचा आधी विचार करा.

खोलीचा एकच आकडा कुणी सांगितला तर धरून चालू नका. पावसाळ्यात ओहोळ वाळूचा बांध फोडून सरळ समुद्रात जातो. पाऊस ओसरला की लाटा वाळू परत आणून टाकतात, तोंड बुजतं आणि मागे पाणी तुंबतं. तेच हे तळं. म्हणजे दर वर्षी तळ नव्याने बनतो. गेल्या वर्षी कमरेइतकं होतं तिथे यंदा डोक्यावरून पाणी असू शकतं.

त्यामुळे पाण्यात उतरण्याआधी मुख बघा. तळं स्वतः शांतच असतं. धोका असतो तो बांध जिथे फुटलेला असतो तिथे, आणि बांधाच्या पलीकडे समुद्राच्या बाजूला.

घाटमाथा
मुख उघडं आहे की बंद, हे नवख्या माणसाने ओळखायचं कसं?

खारवी
बांधाच्या माथ्यावर उभे राहा आणि पायाखालची वाळू बघा. भरतीने आणून टाकलेल्या काड्या, शिंपले, शेवाळं यांची एक रेघ दिसते. ती माथ्याच्या अलीकडे, समुद्राच्या उतारावर असेल तर लाटा आत येत नाहीत. रेघ माथा ओलांडून तळ्याच्या बाजूला उतरली असेल, तिथली वाळू ओली आणि घट्ट असेल, तर मोठ्या भरतीला लाट आत पडते. मग भरतीच्या आधी तास-दीड तास आणि नंतर तेवढाच वेळ मुलांना त्या कडेला बसवू नका.

बांधाला खाच पडली असेल तर त्यात एक वाळलेलं पान सोडा. जागेवर फिरत राहिलं तर ठीक. समुद्राकडे सरळ चालू लागलं आणि तुम्हाला चालत त्याला गाठायला पावलं उचलावी लागली, तर त्या खाचेपासून मुलं चांगली लांब, तळ्याच्या वरच्या अंगाला ठेवा. ओहोटीला ही ओढ वाढते, कारण बाहेरची पातळी खाली जाते आणि आतलं पाणी धावतं. खाचेच्या कडेची वाळू खालून पोखरलेली असते, माणसासकट ढासळते. आणि मुलांना बांधात चर खणू देऊ नका. हातभर चर तासाभरात ओढा होतो.

तिथीवाला
भरतीच्या वेळेसाठी कोकणातला जुना हिशोब चालतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि वेळ रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकते. हा ढोबळ अंदाज. नक्की वेळेसाठी मुरगाव बंदराचं कोष्टक बघा, मुंबईचं नको. गोव्यात भरती मुंबईच्या आधी येते आणि पाण्याचा चढउतारही कमी: मुंबईला उधाणात चार मीटरच्या वर, इथे दोनच्या आसपास.

तुमच्या बेताला भांगाचे दिवस बरे, म्हणजे अष्टमीच्या पुढेमागे. पाणी फार चढतही नाही, फार ओढतही नाही. उधाणाच्या दिवसांत तळ्यात खारं पाणी शिरण्याचा संभव जास्त.

कातळसडा
खारं पाणी शिरलं की आणखी एक गोष्ट होते. ते जड म्हणून तळाशी बसतं, गोडं वर तरंगतं. वारा पडलेला असला तर दोन्ही मिसळत नाहीत. छातीला गार आणि पायाला कोमट लागलं तर समजा तुम्ही दोन थरांत उभे आहात. खालच्या थरात पानं कुजतात. पाय घोळवल्यावर सडक्या अंड्यांचा वास आला तर बाहेर या, दुसरीकडे बसा. डिसेंबरात हे कमी असतं, मार्च-एप्रिलमध्ये ओहोळ आटल्यावर वाढतं, वर हिरवी साय धरते.

उतरण्याची पद्धत: आधी एक मोठा माणूस, हातात काठी, काठीवर फुटाफुटाच्या खुणा. काठी पुढे टेकवत, पाय न उचलता सरकवत जायचं. ओहोळाच्या वळणाची बाहेरची कड खोल आणि आतली उथळ असते. मुलीच्या कमरेइतकी खोली जिथे संपते तिथे काठी रोवून ठेवा, तिच्यापलीकडे ती जाणार नाही. डोक्यावरून सूर कुणीच मारायचा नाही. पाणी गढूळ असतं, तळ दिसत नाही आणि मान मोडते ती अशाच जागी.

चिखलात पाय रुतला तर ओढू नका. मागे रेलून पाण्यावर पाठ टाका आणि पाय हळूहळू हलवत सोडवा.

मीठगर
फुगवायची ट्यूब आणू नका. सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. ट्यूब त्याच्यावर बसून निघते आणि मूल तिच्यात असतं. धाकटीला मापाचं लाइफ जॅकेट हवं: आतल्या लेबलवरचं वजन तिच्या वजनाशी जुळलं पाहिजे आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. घातल्यावर खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. भाड्याच्या कायाकबरोबर मिळणारी जॅकेटं बहुधा मोठ्यांच्या मापाची असतात, घरूनच न्या.

तळ्यात साबण-शाम्पू लावू नका, पाणी वाहून जायला वाट नसते. अंगावर ताजी जखम असेल त्याने उतरू नये. अवकाळी पाऊस झाला तर दोन-तीन दिवस सगळ्यांनीच बाहेर राहावं, डोंगरावरची घाण आणि गुरांचं मूत तळ्यात उतरतं, लेप्टोची (जनावरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) भीती असते.

खारवी
आईंसाठी खरं तर पाळोळे. अर्धगोल उपसागर, तळाचा उतार मंद, गुडघाभर पाण्यात निवांत बसता येतं. जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच बसा. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. पुळणीच्या उत्तर टोकाला ओहोळ समुद्राला मिळतो, ती जागा टाळा. ओहोटीला तिथून समोरच्या बेटावर चालत जाता येतं, पण परतीची वेळ कोष्टकातून ठरवूनच निघा.

आगोंदची पुळण सुंदर आहे, पोहायला नाही. उतार उभा, दोन पावलांत गळ्याशी पाणी आणि ओढ जबर. आगोंद आणि गालजीबाग या दोन्ही पुळणी ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा आहेत. वनखात्याने कुंपण घातलेलं दिसलं तर लांबून बघा, रात्री टॉर्च मारू नका. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, त्या बाजूला गेलात तर पोहण्याचा विचारच नको.

खोल्यालाही समुद्राच्या बाजूला मुलांना उतरवू नका. लाटा सगळीकडे फुटताहेत आणि मधे एक गडद पट्टा शांत दिसतोय, फेस आणि वाळू त्यातून बाहेर जातेय, तर तोच ओढीचा पट्टा. लोक शांत पाणी समजून नेमके तिथेच शिरतात. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहा. मोठ्या मुलाला हे आदल्या रात्री जमिनीवर उभं करून दाखवा, कारण तरणतलावात पोहणारं मूल हमखास सरळ किनाऱ्याकडेच हात मारतं.

घाटमाथा
मनापासून आभार. आई आणि धाकटी पाळोळ्याला, खोल्याला आम्ही दोघं मोठ्याला घेऊन. पाखटाचा (स्टिंग रे माशाचा) काटा लागला तर प्रथमोपचार काय?

कातळसडा
जखम धुवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी आधी धडधाकट माणसाच्या हाताने तपासा, दुखऱ्या पायाला भाजल्याचं कळत नाही. म्हणून थर्मास भरून गरम पाणी आणि प्लॅस्टिकचं घमेलं गाडीत नको, खाली पुळणीवर बरोबर ठेवा. काटा खोल रुतला असेल तर उपटू नका, १०८ ला फोन करा. खाली मोबाइलची रेंज आहे का, हे उतरतानाच बघून ठेवा.